मेटॅलिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल': गणपतीपासून आजपर्यंत ऐकतोय

गणपती उरकल्यावर मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा हा अल्बम विनाइलवर घेतला, २०१८ची रीमास्टर (जुन्याच ध्वनिमुद्रणावर नव्यानं हात फिरवलेली) आवृत्ती. मूळ १९८८चा. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, म्हणून तबकड्या दोन. दर दोन-तीन गाण्यांनी उठून बाजू पालटायची. कुरिअरनं कोपरा चेपून आणला, ते सोडून देऊ.

आधी सगळे विचारतात ते सांगतो: बास, म्हणजे बास गिटार, ऐकू येतो का? नाही. रीमास्टरमध्येही नाही, कारण मिक्समध्येच (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवतानाच) दाबलेलं वाद्य नंतर नुसता हात फिरवून वर येत नसतं. बँडचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बममधून तोच गायब! बास खाली आणायला ड्रमर लार्स उलरिकनं लावलं, असं मिक्सिंग करणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं पुढे उघड सांगितलं. त्यात न्यूस्टेड बरेचदा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारमागून तेच वाजवतो, त्यामुळे उरलंसुरलंही गिटारीत जिरतं. अँपवर बास वाढवून पाहिलात तर नुसता किक ड्रम (पायानं वाजवायचा तो) घुमतो.

मी पथकात ढोल वाजवतो, त्यामुळे मला हे जरा जास्तच खुपलं. लक्ष्मी रोडवर ऐन रंगात सगळे ढोल थांबावेत आणि ताशे तेवढे कडकडत राहावेत, तसं वाटायचं.

पण दिवाळीनंतर कान बसला. 'ब्लॅकन्ड' लावा आणि फक्त हेटफिल्डचा उजवा हात ऐका. खाली भराव नसल्यामुळे प्रत्येक आघात सुटा कळतो, मात्रा बदलतात तिथे तर तो कुठे वळला हे अक्षरशः दिसतं. चाहत्यांनी बास वाढवून नेटवर टाकलेल्या आवृत्त्याही ऐकल्या. भरदार आहेत, पण धार गेली. विकली गेलेली न्यायव्यवस्था, बेचिराख पृथ्वी असले विषय. त्यांना हा कोरडा ठणठणीत आवाजच शोभतो.

'वन' तर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये हेडफोनवर ऐकलं तरी अंगावर येतं. युद्धात हातपाय, डोळे, कान सगळं गमावून नुसतंच जिवंत राहिलेल्या सैनिकाचं हे गाणं. सुरुवात अगदी हळुवार. साडेचार मिनिटांच्या आसपास डबल बास ड्रम (दोन्ही पायांनी वाजवायचा) मशीनगनसारखा सुटतो आणि गिटार नेमकी त्याच ठोक्यांवर येऊन बसते.

शीर्षकगीत मात्र लांबलंय. पावणेदहा मिनिटं! मैफलीत ते वाजवताना पुढच्या रांगा जांभया देत होत्या, हे खुद्द बँडचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेटनं सांगितलंय. मला त्या रांगांची बाजू पटते.

एका गाण्यापुरता माझा राग अजून गेलेला नाही. 'टू लिव्ह इज टू डाय' हे बर्टनच्या मागे राहिलेल्या तुकड्यांवरून रचलेलं, जवळपास सगळं वाद्यांवरचं. म्हणजे एका बासवाल्याची आठवण, आणि तिथेही बास मागेच. बाकी कुठेही दाबला असता तरी चाललं असतं.

त्याला लागूनच 'डायर्स ईव्ह' सुसाट सुटतं. हल्ली अख्खा अल्बम क्वचित, पण ही चौथी बाजू दर आठवड्याला फिरते. मेटॅलिका पहिल्यांदाच ऐकणार असाल तर आधी १९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या, मग इकडे या.