चार साप, एक कंट्रोलर आणि ती टकटक : पाच महिन्यांनंतर

सापांच्या टबखालच्या गरम मॅट तापमान बघून चालू-बंद करणारा माझा कंट्रोलर जानेवारीत बिघडला, त्यावरून विक्रेत्याशी वाद चालला होता. काल त्याचा शेवटचा मेसेज आला, "हा कंट्रोलर अंडी उबवायच्या मशीनसाठी आहे, सापासाठी वापरल्यास वॉरंटी नाही." रिलेला, म्हणजे आतल्या वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला, काय कळतं भाऊ, पलीकडे अंडं आहे की साप? म्हणून लिहायला बसलो.

घरात दोन बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक, दोन्ही परदेशी, बिनविषारी जाती. पायथन केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेले आहेत. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला. पुण्या-मुंबईचे लोक हसतात, नागपुरात कशाला हीटर? २९ डिसेंबर २०१८ला इथे ३.५ अंश झाले होते, त्यांना माहीत नसतं.

कंट्रोलर साधाच. लाल आकडे, तापमान मोजणारा एक प्रोब, गरम-थंडाचे दोन रिले, दहा ॲम्पियर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारशेत घेतला. सुताराकडून प्लायचा रॅक करून घेतला, चार टब, चार मॅट, सगळ्या एका बोर्डावर आणि बोर्ड कंट्रोलरवर. प्रत्येकाला वेगळा घेतला तर अठराशे रुपये. एकाला साडेचारशे. हिशेब सोपा वाटला.

पहिली तक्रार आवाजाची. टक. थोड्या वेळाने परत टक. माझी खोली आणि आईचा पलंग यांच्यात एक भिंत. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "काहून वाजते रे हे? पाल चुकचुकते तशी." मी फरकाची सेटिंग ०.३वर ठेवली होती, म्हणजे ३२ वरून ३१.७ झालं की मॅट सुरू. तापमान किती स्थिर राहतं म्हणून मित्रांना फोटोही पाठवले. एका रात्री झोप येईना म्हणून मोजलं, तासात चव्वेचाळीस वेळा टक. तेव्हाच मी या मशीनला दोन तारे द्यायचे ठरवले होते, फक्त आवाजासाठी.

जानेवारीच्या मध्यात रात्री तीनला जाग आली, कारण टक ऐकू आलं नाही. उठून पाहिलं तर आकडा ३६.८, आणि गंमत म्हणजे हीटिंगचा दिवा बंद. कंट्रोलर आपल्या परीने मॅट बंद करून बसला होता, रिलेचे संपर्क मात्र आत चिकटले होते, म्हणजे मॅटला वीज चालूच. मोठी पायथन एरवी दिवसरात्र गरम बाजूच्या डब्यात असते, ती पाण्याच्या वाटीला वेटोळं घालून होती. बोर्डच उपटला. पोटाखालचे खवले टॉर्च लावून एकेक पाहिले, काही झालं नव्हतं. खालून चटका बसत असला तरी साप भाजेपर्यंत तिथेच बसून राहू शकतो. ही उठून गेली, नशीब.

मग विक्रेत्याशी भांडण. तो म्हणे लोड जास्त झाला. चार मॅट गुणिले चौदा वॅट, छप्पन्न. २३० व्होल्टला पाव ॲम्पियर. दहावर पाव म्हणजे लोड जास्त? त्यावर उत्तर नाही, मग अंड्यांची कथा.

पण इथे मला माझं मतही फिरवावं लागतं. चव्वेचाळीस टक म्हणजे तासाला बावीस वेळा चालू-बंद, दिवसाला ५२८. पंचाहत्तर दिवसांत जवळपास चाळीस हजार. अशा रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर साधारण लाखभर वेळा असं सांगतात. पाव ॲम्पियरवर चाळीस हजारांत जायला नकोच होता, तेव्हा माल हलका आहे हे खरंच. तरी ०.३ची हौस माझी होती. सापाला एखाद्या अंशाने काही फरक पडत नाही. आता फरक १ वर ठेवतो.

त्याहून मोठी चूक नंतर कळली. तापमान मोजायची गन घेऊन चारही टब तपासले, प्रोबच्या टबात ३२, तळाच्या टबात २८, सगळ्यात वरच्यात साडेचौतीस. कंट्रोलरला एकच टब दिसतो, बाकीचे तीन त्याच्या लेखी नाहीतच. तळाचा फरशीजवळ, वरच्याला खालच्या तिघांची ऊब. दोन महिने मी एका टबचा आकडा बघून चौघांची काळजी घेत होतो.

आता पायथनना प्रत्येकी एक कंट्रोलर, कॉर्न जोडीला मिळून एक, तोही खालच्या-वरच्या फळ्यांची उसाभर नको म्हणून दोघांना एकाच फळीवर ठेवून. पायथन ३२, कॉर्न २९. प्रोब टबच्या आत नाही, मॅट आणि टबच्या मध्ये पक्का बांधलेला. आत ठेवला तर साप तो ढकलतो, वाटीत पडला की गार पाणी मोजत मॅट रात्रभर पेटलेली. आत चिकटपट्टी तर अजिबात नको, खवल्यांना चिकटते. आणि प्रत्येक मॅटच्या वायरीत ४५ अंशांना तुटणारा छोटा बायमेटल स्विच, मॅटलाच चिकटवून. कंट्रोलर झोपला तरी हा तोडतो. तीस-चाळीस रुपयांची वस्तू, आधी घातली असती तर त्या रात्री मॅट ४५च्या पुढे जायची भीती नसती. पाण्याच्या वाट्या जवळ आहेत म्हणून बोर्डाला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच, लावला. लाईन गेली-आली तरी सेटिंग राहते, त्याबद्दल मात्र यांना पूर्ण मार्क.

खराब झालेला मी फेकला नाही. त्याचा हीटिंगचा रिले मेला, कूलिंगचा धडधाकट आहे. एप्रिल लागल्यापासून मॅट बंद, आता उलटी काळजी, पस्तीसच्या वर पायथनला त्रास. तो कूलिंग रिले आता खोलीतल्या छोट्या कुलरला लावलाय, ३०वर, तीन मिनिटांच्या डिलेसह. हा चिकटला तर फार तर कुलर चालत राहील. वर ओलावाही मिळतो, तो पायथनला हवाच असतो.

दुपारी कुलर सुरू होताना टक होतं. आईने पलंग उचलून त्याच्यासमोर आणून टाकलाय, आवाजाची तक्रार नाही.