मिठाच्या साबणाचं किट: साबण पास, पत्रक नापास

शिरोड्याला मावशीकडे मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. साबण कितीही फासा, फेस म्हणून नाही, अंगावर नुसता चिकटा. ठाण्याला परत यावं तर सोसायटीत बोअरचं क्षाराचं पाणी, म्हणजे तीच रड. निव्वळ खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसतो, खलाशी जहाजावर तसलाच वापरायचे, हे कळलं आणि मी ऑनलाइन मिठाच्या साबणाचं किट मागवलं, तोही खोबरेलाचाच, फक्त वर मीठ घातलेला. ८९९ रुपये. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. एकट्यादुकट्याचा धंदा दिसतो, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

खोक्यात ५०० ग्रॅम खोबरेल, ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा, २५० ग्रॅम बारीक मीठ, सहा खणांचा सिलिकॉनचा साचा, हातमोजे, चष्मा, लॅव्हेंडरची इवलीशी बाटली आणि एक पत्रक. मोजमाप चोख. सोड्याचं पाकीट मला आधी कमी भरलंय असं वाटलं, कारण एवढ्या तेलाचा पुरता साबण करायचा तर ९१-९२ ग्रॅम सोडा लागतो. पण ते मुद्दाम आहे. साधारण पाचवा हिस्सा तेल साबण न होता तसंच राहू देतात. नुसत्या खोबरेलाचा साबण अंगावरचा तेलकटपणा इतका ओढून काढतो की आंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी होते. हे राहिलेलं तेल तिथे कामाला येतं.

आता पत्रक. इंग्रजीत आहे ते असो. पण ‘सोडा आणि पाणी एकत्र करा’ एवढंच लिहून मोकळे! अहो, काय कशात घालायचं? सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येऊ शकतं. मी गॅलरीत बसून केलं, तरी पहिल्या वाफेने ठसका लागला. १४६ ग्रॅम साधं पाणी चमचाभर सोडा पडताच बाहेरून हात लावू नये इतकं तापलं. आणि अॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही हेही कुठे लिहिलेलं नाही. सोडा अॅल्युमिनियम खातो. मी आईचं जुनं पातेलं काढलंच होतं, वेळेवर आठवलं म्हणून स्टीलचं घेतलं.

पुढचं काम मात्र मजेचं. सोड्याचं पाणी निवल्यावर तेलात ओतून हँड ब्लेंडर फिरवला (तो आता साबणाचाच, ताकाला बाद). तीन-चार मिनिटांत भज्यांच्या पिठासारखं दाट झालं, वरून थेंब सोडला की रेघ उमटून राहते इतपत. मग मीठ. मीठ पडलं आणि सगळा नूरच पालटला. बघता बघता ते नारळाच्या वड्यांच्या मिश्रणासारखं रवाळ, जड झालं, उलथन्याला चिकटायला लागलं. साचा कसाबसा भरला.

आणि मिश्रण उरलं! सगळं मिळून साडेनऊशे ग्रॅमच्या वर, साच्यात मावतं सहाशे. हा हिशोब किट बांधणाऱ्याने करायला नको? जे उरलं ते मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दाबून भरलं आणि झोपले. सकाळी डबा पालथा केला तर दगड. सुरी दाबली की कपचे उडतात. मिठाचा साबण तास-दोन तासांत, अजून कोमट असतानाच कापायचा असतो. आयुष्यभर वड्या थापल्या, गरम असतानाच सुरी फिरवली, आणि इथे अक्कल गहाण टाकली. पण पत्रकात एक ओळ असती तर काय बिघडलं असतं?

साच्यातल्या सहा वड्या मात्र देखण्या निघाल्या, पांढऱ्याशुभ्र, कडा धारदार. महिनाभर वाळवायच्या म्हणून वर्तमानपत्रावर मांडल्या, तर एकीच्या पाठीवर भावपत्रकाची शाई उमटली. मग बांबूच्या टोपलीत ठेवल्या. जुलैत त्यांना घाम फुटला, दवासारखे बारीक थेंब. मीठ हवेतलं पाणी ओढतं, खराब काही झालेलं नसतं. पुसून पंख्याखाली ठेवा.

वापरायला कसा? फेसाचे मोठे बुडबुडे विसरा. सायीसारखा दाट, आखूड फेस येतो, पण बोअरच्या पाण्यातही येतो. वडी गुळगुळीत, टोचत नाही, लवकर झिजतही नाही. लॅव्हेंडर नावापुरतं. आमच्या ह्यांनी दाढी झाल्याझाल्या तोंडाला लावला आणि बाथरूममधून जे काही ऐकू आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. कापलेल्या जागी झोंबतो, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्यांदा किट मागवणार नाही. साचा आहेच, बाकी सगळं सुटं मिळतं. फक्त सोडा शुद्ध घ्या, नळ तुंबल्यावर टाकतात ते पाकीट नको, त्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं. मीठ मावशीने शिरोड्याच्या मिठागरातलं पाठवलंय, १९३०च्या सत्याग्रहाच्या गोष्टीसकट. ती गोष्ट प्रत्येक पिशवीबरोबर येतेच. खडे आहेत, तेव्हा कढईत कोरडे करून मिक्सरमधून बारीक काढावे लागतील, नाहीतर अंग खरवडून निघेल.

पाचापैकी तीन तारे. कापलेले दोन्ही पत्रकाचे.

एक वडी मावशीला पाठवली होती. विहिरीच्या पाण्यावर वापरून तिचा फोन आला, “फेस बरो येता गो, पण वास कसलोच नाय.” श्रीखंडाच्या डब्यातले कपचे मी जुन्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून गॅलरीतल्या बेसिनला टांगलेत. कुंड्यांची माती काढल्यावर हात धुवायला बरे पडतात.