नातवंडांना पत्र लिहायचंय? पोस्टाचं आंतरदेशीय घ्या, पण या खोडी माहीत असू द्या

पोस्टाच्या काउंटरवर पत्रासाठी तीन गोष्टी मिळतात: ५० पैशांचं पोस्टकार्ड, अडीच रुपयांचं आंतरदेशीय (घडी घालून चिकटवायचा पत्राचा कागद, वेगळं पाकीट लागत नाही) आणि ५ रुपयांचं पाकीट. नातवंडांना हाताने पत्र लिहायचं ठरलं की बरेच जण पाकीट आणि फुलस्केप कागद घेऊन बसतात. त्यापेक्षा आजी-आजोबांनी आंतरदेशीय लिहावं, नातवंडांनी पोस्टकार्डावर उत्तर द्यावं आणि पाकीट सणावारी काढावं. ही जोडी जास्त टिकते.

आंतरदेशीयावर मजकूर संपवावाच लागतो, हाच त्याचा मोठा गुण. टपाल खात्याच्या ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धेत आंतरदेशीयासाठी ५०० शब्दांची मर्यादा असते, म्हणजे तेवढे मावतात. पण मुंगीएवढ्या अक्षरात. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी दीडशे ते दोनशे शब्द पुरेत, मोकळ्या ओळींत आणि शिरोरेघ देऊन. इंग्रजी माध्यमातलं मूल मराठी वाचतं ते छापील वळणाचं. जुन्या वळणातला ख त्याला ‘रव’ दिसतो आणि भरभर लिहिलेली जोडाक्षरं त्याच्या आईला वाचून दाखवावी लागतात. मग पत्र कोणाला आलं, हाच प्रश्न.

कागद पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिलंत तर शाई फुटते आणि घडीच्या बाहेरून अक्षरं दिसतात. जेल पेनचं लिखाण पावसाळ्यात पोस्टमनच्या पिशवीत ओघळतं, आणि ते नेमकं पत्त्यावर. साधं बॉलपेन घ्या. आतली पूर्ण बाजू लिहायला असते, शिवाय बाहेरच्या तीन भागांपैकी जो भाग घडीत आत जातो तोही. घाईत लोक ‘पाठवणाऱ्याचा पत्ता’ असलेल्या भागावर दोन ओळी खरडतात. त्या वाटेत सगळे वाचतात. आधी कोरी घडी घालून पाहावी आणि आत जाणाऱ्या भागावर पेन्सिलीने खूण करावी.

खरी तक्रार गोंदाची. कडेची पट्टी ओलावून चिकटवली तरी कोपरे सुटतात. म्हणून लोक फेव्हिकॉल थापतात, तो आत पसरतो आणि उघडताना मजकुरासकट कागद फाटतो. ग्लू स्टिक कडेने जेमतेम अर्धा सेंटिमीटर फिरवा आणि कडेपासून एक सेंटिमीटर काहीही लिहू नका. कुठे कापायचं ते आंतरदेशीयावर छापलेलं असतं, पण मुलं ओरबाडूनच उघडतात, तेव्हा समास हवाच. स्टेपल मात्र नको. कोकणात किंवा गोव्यात आणून ठेवलेली आंतरदेशीयं दमट हवेने आपोआप चिकटतात. वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालून झाकणाच्या डब्यात ठेवा.

आत काही घालायची मुभा नाही, तसं त्यावर छापलेलंच असतं. पिंपळाचं पान, मोरपीस, फोटो असं काही पाठवायचं तर पाकीट. तिथे वजन बघा. पाच रुपयांत २० ग्रॅम जातात. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, त्यामुळे तीन कागद आणि पाकीट मिळून काटा हद्दीला टेकतो. वर गेलं की पत्र बेअरिंग होतं आणि कमी पडलेल्या पैशांच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून मागतात. दुपारी घरी कोणी नसतं, वॉचमन पैसे देत नाही, पत्र परत. वाढदिवसाची नोटही साध्या पाकिटात घालू नये. हरवली तर दाद मागायला जागा नाही.

पत्त्यात मुलाचं नाव वर लिहाच, त्याला त्याचं अप्रूप असतं. पण खाली ‘द्वारा’ लिहून लेटरबॉक्सवर जे आडनाव आहे तेच द्या, मग विंग आणि फ्लॅट नंबर. बेंगळुरू, हैदराबादला पत्ता इंग्रजीत लिहा, मजकूर मराठीत. पिन कोडचे सहाही आकडे सुटे आणि स्पष्ट. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी.)

साध्या टपालाला ट्रॅकिंग नाही, त्यामुळे ‘॥श्री॥’च्या शेजारी पत्र क्रमांक घाला. ‘पत्र ४ मिळालं, ५ नाही’ एवढं कळलं तरी रुसवे टळतात. राज्यातल्या राज्यात आठवडा धरून चालावं, वाढदिवसाचं पत्र दहा दिवस आधी टाकावं.

उत्तर येत नाही याचं कारण बहुतेकदा आळस नसतो. घरात पोस्टकार्ड नसतं आणि आई-बाबांना पोस्टाची वेळ जमत नाही. पहिल्याच पाकिटातून स्वतःचा पत्ता घातलेली दोन कोरी पोस्टकार्डं पाठवा. कार्डाची एक पूर्ण बाजू चित्राला मिळते. तिथे रंगीत पेन्सिली चालतात, मेणाचे खडू नकोत, घासून शेजारच्या टपालाला रंग लागतो. पत्रात प्रश्न एकच विचारा, तोही ‘अभ्यास कसा चाललाय’ हा सोडून.

हौस असेल तर ‘माय स्टॅम्प’ बघा: तुमच्या फोटोसह ५ रुपयांच्या १२ तिकिटांचा ताव ३०० रुपयांना. महाग आहे, आणि आंतरदेशीयाला तिकीट लागतच नाही. पण पाकिटावर आजीचा फोटो असलेलं तिकीट पाहून दुसरीतलं पोर ते शाळेत मिरवतं.