कास की भंडारदरा?

सप्टेंबरअखेरचे दोन दिवस चौघांनी निवांत कुठे घालवावेत, कास पठारावर की भंडारदऱ्याला, असा प्रश्न एका मैत्रिणीला पडला आहे. साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवरचे कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. तेरडा आणि सीतेची आसवे या रानफुलांचे असे गालिचे अन्यत्र क्वचितच दिसतात, परंतु शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी आणि गर्दी सांभाळूनही धुक्यात फुले दिसतीलच असे नाही. भंडारदऱ्याला प्रवरेच्या जलाशयाकाठी तंबूत घड्याळ पाहावे लागत नाही, रतनगडावर सोनकी फुललेली असते. मुक्कामाचा खर्च मात्र वाढतो. फुलांसाठीच जाणाऱ्यांनी कास, शक्यतो मधल्या वारी, निवडावे. रात्रभर गप्पा मारायच्या असतील, तर माझ्या मते भंडारदराच.