मोनोसाइटवरील एचएलए-डीआर चाचणी: परळच्या एका प्रयोगशाळेचा अनुभव

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादात, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक रोज एकच विचारतात, "डॉक्टर, डायलिसिस सुटेल ना?" मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, क्रिएटिनिन, मुळात उशिरा वाढते आणि डायलिसिस सुरू झाल्यावर त्याचा आकडा मूत्रपिंडापेक्षा यंत्राविषयीच अधिक सांगतो, म्हणून निदान रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा अंदाज यावा यासाठी गेले वर्षभर मी परळमधील एका खासगी प्रयोगशाळेकडे फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरील खुणा लेसरने मोजणाऱ्या तपासणीसाठी) रक्त पाठवत आहे.

तपासणीचा दर्जा उत्तम आहे. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरील एचएलए-डीआर (प्रतिकारशक्तीची सज्जता दाखवणारे प्रथिन) ते नुसत्या टक्केवारीत न देता प्रत्येक पेशीला चिकटलेल्या, तपासणीत वापरलेल्या अँटिबॉडींच्या संख्येत कळवतात, त्यामुळे सोमवारचा आकडा गुरुवारच्या आकड्याशी खात्रीने ताडून पाहता येतो. तो ८,०००च्या खाली गेला, तर प्रतिकारशक्ती खचल्याची खूण मानली जाते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरील सीडी६४ ही संसर्गात वाढणारी खूणही सोबत मिळते.

तक्रार वाहतुकीची आहे. नमुना थंड ठेवून काही तासांतच तपासावा लागतो, अन्यथा आकडा खोटाच वाढतो. जुलैतील एका दुपारी वाटेतील हिंदमाता परिसरात पाणी तुंबले, डब्यातील बर्फ वितळला, नळी कोमट झाली आणि तरीही अहवाल कोणत्याही शेऱ्याविना हाती आला. तो नमुना नाकारायलाच हवा होता.

अहवालाखालील 'मूत्रपिंड सुधारण्याची शक्यता' हे वाक्यही त्यांनी काढून टाकावे. या खुणा प्रतिकारशक्तीविषयी बोलतात. डायलिसिस थांबवण्याचा निर्णय मात्र मी आजही लघवीचे प्रमाण पाहूनच घेतो.