थेंबांवरची केमिस्ट्री : मायक्रोस्केल किटसोबत आठ महिने

द्रावणं बनवणं, बाटल्या भरणं आणि प्रॅक्टिकल संपल्यावर बेसिनपाशी उभं राहणं हे माझं काम. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मायक्रोस्केल किट, म्हणजे थेंबाथेंबाच्या मापात प्रयोग करायचं किट, येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त मीच खूश झाले होते. आता आठ महिने झाले. आठवड्याला चार बॅचेस, एकेका बॅचमध्ये वीसेक मुलं. खूश आजही आहे, पण तेव्हाइतकी नाही. हे किट घ्यायचं मनात असेल, तर कसर कुठे राहते तेही माहीत असलेलं बरं.

किटमध्ये फार काही नाही. पारदर्शक प्लास्टिकची २४ खळग्यांची वेल प्लेट, ए ते डी अशा ओळी आणि १ ते ६ असे रकाने. एका खळग्यात जेमतेम ३ मिली मावतं. मऊ प्लास्टिकचे ड्रॉपर, काही बारीक काचनळ्या, आणि २ मिलीची खुणांची पिपेट, जिच्या डोक्यावर सिरिंज बसते. ही पद्धत कॉलेजांत रुळली १९८० च्या दशकात. अमेरिकेतल्या बोडिन कॉलेजच्या ऑरगॅनिक लॅबमध्ये वाफांचा त्रास होता, तेव्हा मेयो, पाइक आणि बुचर या तिघांनी प्रयोगच लहान करायचं ठरवलं. आमच्याकडे कारण वाफांचं कमी आणि सिल्व्हर नायट्रेटचं जास्त होतं. पूर्वी मुलं ते परीक्षानळीत मिलीलीटरच्या हिशेबात ओतायची, आता दोन थेंबांत भागतं. माझी बाटली आठवड्यात रिकामी व्हायची, ती आता दोन महिने पुरते.

किट खरं जिंकतं ते मोरचुदाच्या प्रयोगात. परीक्षानळीत मोरचुदाचं द्रावण घेऊन वर अमोनिया ओतला की एकदम गडद निळं होतं, आणि मुलं जर्नलमध्ये तेवढंच लिहितात. मधला फिकट निळा अवक्षेप (द्रावणात तयार होणारा गाळ) पुस्तकातून उतरवलेला असतो; बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. प्लेटमध्ये घाई करता येत नाही. खळग्यात मोरचुदाचे पाच थेंब, वर विरल अमोनियाचा एक. थेंब पडतो तिथे ढगासारखं फिकट निळं काहीतरी उमटतं. आणखी एक-दोन थेंबांनी खळगाभर दह्यासारखं होतं. मग टूथपिकने ढवळत पुढचे थेंब टाकत गेलं की अवक्षेप कडेने विरघळायला लागतो आणि खालून शाईसारखा निळा रंग वर येतो. एका मुलीने शेजारच्या सहा खळग्यांत एक ते सहा थेंब टाकून ही सगळी गोष्ट ओळीने मांडली होती. ती प्लेट धुवायला माझा हात होईना.

विद्युत अपघटनही झकास होतं. सोडियम सल्फेटच्या द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू (आम्लात पिवळा, अल्कलीत निळा होणारा दर्शक), पेन्सिलीच्या दोन शिसांचे तुकडे आणि ९ व्होल्टची बॅटरी. हिरव्या द्रावणात एका शिशाभोवती निळं, दुसऱ्याभोवती पिवळं. ढवळलं की परत हिरवं. काही समजावून सांगावं लागत नाही.

आता तक्रारी. पहिली आमच्याच चुकीची आहे, पण किटनेच ती उघडी पाडली. सॉल्ट ओळखण्याच्या प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये वेगवेगळे सॉल्ट दिले होते. अर्ध्या तासात एकेक जण येऊन सांगायला लागला, "मॅडम, माझं क्लोराइड आलं." पाचव्याचंही क्लोराइड, नवव्याचंही. नायट्रेट दिलेल्या मुलाच्या खळग्यातसुद्धा पांढरट गढूळपणा. डोकं खाजवल्यावर लक्षात आलं: घाईत प्लेटा नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या आणि डिस्टिल्ड पाण्याचा शेवटचा हात राहिला होता. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड खळग्याच्या कोपऱ्यात बसलेलं, आणि सिल्व्हर नायट्रेट पडलं की तेच पांढरं होतं. परीक्षानळीत चार-पाच मिली द्रावण घेतलं की असा एखादा थेंब बऱ्याचदा खपून जातो. इथे पाच थेंबांत तोच पाचवा हिस्सा. ड्रॉपर एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत गेला तरी तेच. माल कमी लागतो म्हणून चूक काही कमी होत नाही. त्या दिवशी सगळ्या बॅचला पुन्हा प्रयोग करायला लावला आणि तेव्हापासून प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर रंगीत टेपने बाटलीशी बांधलाय.

दुसरी तक्रार अनुमापनाची, म्हणजे टायट्रेशनची, आणि ती गंभीर आहे. किटच्या पुस्तिकेत थेंब मोजून अनुमापन दिलंय: आम्लाचे २० थेंब, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली जास्त झाली की गुलाबी होणारा दर्शक), मग अल्कलीचे थेंब मोजायचे. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे २० थेंबांत एका थेंबाची चूक सरळ ५ टक्के. ब्यूरेटवर (खाली कॉक असलेल्या खुणांच्या लांब काचनळीवर) १० मिलीच्या रीडिंगमध्ये तोच थेंब अर्धा टक्का. त्यात ड्रॉपर उभा धरला तर थेंब एक मापाचा, तिरपा धरला तर दुसऱ्या मापाचा. शेजारी बसलेल्या दोघांची रीडिंगं १९ आणि २२ आली आणि दोघंही आपलंच खरं म्हणून भांडत होते. सिरिंजवाल्या पिपेटने बरंच सुधारतं, पण टोकाशी बुडबुडा राहिला की तेही गेलं.

शिवाय गुलाबी रंग टिकत नाही. उथळ खळगा, मोजकं द्रावण, त्यावर वाकलेलं मूल श्वास सोडतंय. कार्बन डायऑक्साइड विरघळतो, जास्तीची जेमतेम अल्कली संपते, पीएच ८ च्या खाली येतो आणि रंग जातो. मूल बिचारं आणखी एक थेंब टाकतं. "अर्धा मिनिट टिकला की थांब" हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मुलं माझ्या आधी म्हणतात. सीबीआर, म्हणजे लागोपाठ तेच रीडिंग, येईपर्यंत ब्यूरेटच्या कॉकवर बोटं कशी हळू करायची हे काही प्लेट शिकवत नाही.

बाकी बारीकसारीक. प्लेट पॉलिस्टायरीनची, त्यामुळे मार्करचे आकडे पुसायला मी ॲसिटोनचा बोळा फिरवला आणि एक प्लेट दुधाळ, चिकट होऊन बसली; स्पिरिटने पुसा. तापवायचं काहीच प्लेटमध्ये होत नाही, त्यामुळे ६० ते ७० अंशांवर ऑक्झलेट आणि परमँगनेटचं अनुमापन करायचं असेल तर काचच. ब्राउन रिंग, म्हणजे नायट्रेटची चाचणी, तीही बारीक काचनळीतच, संहत सल्फ्युरिक आम्ल प्लास्टिकवर नको. आयोडिनचे डाग ड्रॉपरमधून जात नाहीत, परमँगनेटचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या एका थेंबाने जातात. पांढरा अवक्षेप बघायला प्लेटखाली काळा कागद ठेवा. आणि लेड आयोडाइडचा सोनेरी पाऊस प्लेटमध्ये बघायला मिळत नाही, नुसतं पिवळं साचतं. तो मी अजून मोठ्या परीक्षानळीतच करून दाखवते: गरम पाण्यात विरघळवायचं, थंड होऊ द्यायचं, मग चकचकीत पापुद्रे खाली उतरतात. त्यासाठी शिशाच्या कचऱ्याची एक वेगळी बाटली सांभाळायला माझी हरकत नाही.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. थेंबभरच आहे म्हणून मुलं गॉगल कपाळावर चढवतात. डोळ्यात जायला कॉस्टिक सोड्याचा थेंबच पुरतो, आणि दाबलेला ड्रॉपर पिचकारीसारखा उडतो. एकाने मस्करीत मित्राच्या हातावर सिल्व्हर नायट्रेट उडवलं. तेव्हा काहीच दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत काळे ठिपके. आठवडाभर तो पोरगा हात खिशात घालून फिरत होता. सुदैवाने हातावरच निभावलं. आता गॉगल नाही तर प्लेट नाही.

पुढच्या सत्राचं ठरलंय: सॉल्टच्या वेट टेस्ट (द्रावणातल्या चाचण्या), अवक्षेप आणि विद्युत अपघटन प्लेटवर, अनुमापन मात्र ब्यूरेटवर. ब्यूरेटा आठ महिने आडव्या पडून होत्या. काल सगळ्यांच्या कॉकना व्हॅसलिन लावलं. दोन कॉक घट्ट बसलेत, ते कोमट पाण्यात घालून ठेवलेत.