सुरूच्या फांदीऐवजी कृत्रिम ख्रिसमस ट्री : दोन नाताळ आणि मधल्या पावसाळ्याचा अनुभव

वसईतल्या आमच्या घरी नाताळचे झाड म्हणजे सुरूचा शेंडा, हे सासऱ्यांच्या लहानपणापासून ठरलेले होते. 22 किंवा 23 डिसेंबरला शेजारच्या काकांच्या वाडीतून पाच-सहा फुटांचा शेंडा कापून आणायचा, पत्र्याच्या डब्यात रेती आणि दगड ठासून तो उभा करायचा, पिंजलेला कापूस त्याच्यावर पसरायचा आणि पायथ्याशी येशूजन्माचा गोठा मांडायचा. 2023 च्या नाताळात आम्ही प्रथमच सहा फुटांचे कृत्रिम झाड घेतले. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि 2024 चा नाताळही होऊन गेला. अशा झाडाची खरी परीक्षा डिसेंबरात नव्हे, जून ते सप्टेंबर या काळात माळ्यावर होते, हे मला उशिरा कळले आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

बदल करण्याचे कारण सोयीचे नव्हते. काकांच्या वाडीत दोनच सुरू उरले होते आणि शेंडा छाटलेले झाड पुढे सरळ न वाढता बाजूने फुटत जाते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. किनाऱ्यावरच्या सुरूला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. ती झाडे वारा आणि रेती अडवण्यासाठी लावलेली आहेत, आणि भुईगाव, कळंब, राजोडीकडे किनाऱ्याची धूप होऊन त्यांतली कितीतरी मुळासकट आडवी झालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. अशा वेळी पंधरा दिवसांच्या शोभेसाठी आणखी एक शेंडा तोडणे सासऱ्यांनाच पटेना. रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून मिळणारे अरौकॅरियाचे कुंडीतले रोपही आम्ही पाहून आलो. मात्र त्याच्या कोवळ्या फांद्यांना आमच्या घरातल्या जुन्या काचेच्या गोळ्यांचे वजन पेलले नसते.

सुरू हे दिसायला पाइनसारखे असले तरी त्या कुळातले नाही. आपण ज्यांना सुया म्हणतो त्या वास्तविक बारीक, सांधे असलेल्या हिरव्या काड्या असतात आणि खरी पाने त्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात. कापलेल्या फांदीच्या या काड्या चार-पाच दिवसांत पिवळट होऊन गळू लागत, त्यामुळे 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत आमच्या झाडाचा निम्मा सांगाडा उघडा पडलेला असे. सुरूचे लाकूड ओले असतानाही पेटते, त्यामुळे वाळलेल्या फांदीवर जुन्या बल्बांची तापणारी माळ सोडून झोपायला जाण्याची मला दरवर्षी धास्ती वाटे. ती धास्ती आता गेली, ही या झाडाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाजू आहे. अर्थात, प्लॅस्टिकही उष्णतेने वितळते, म्हणून आम्ही त्याच्यावर फक्त एलईडीची माळ लावतो आणि रात्री तीही बंद करतो.

आता झाडाविषयी. ते तीन भागांत येते, फांद्या खोडाला बिजागरीने जोडलेल्या आहेत आणि खाली लोखंडी तिपाई आहे. पेटी उघडताच प्लॅस्टिकचा उग्र दर्प आला, म्हणून एक दिवस ते गच्चीवर सावलीत उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी वास जवळजवळ गेला होता. जोडणीला दहा मिनिटे पुरली, परंतु फांद्या फुलवायला पहिल्या वर्षी दोन तास लागले, आणि झाड चांगले दिसते की भिकार दिसते हे या दोन तासांवरच अवलंबून असते. पेटीतून निघालेली फांदी मिटलेल्या छत्रीसारखी असते. खोडाजवळच्या डहाळीपासून सुरुवात करून एक डावीकडे, एक उजवीकडे, तिसरी किंचित वर अशी वळवत टोकापर्यंत यायचे, आणि टोकाची डहाळी समोर न ताणता वर उचलायची. पहिल्या दिवशी मी सगळ्या डहाळ्या नुसत्या बाजूंना पसरल्या होत्या, तेव्हा मधले खोड भगभगीत दिसत होते. थोरल्या मुलीने खोडाजवळच्या डहाळ्या आतल्या आत वळवून दाखवल्या आणि झाड भरले. तारेची टोके बोटांना बोचतात, त्यामुळे हातमोजे जरूर घालावेत. पहिल्या वर्षी हिरव्या पट्ट्यांचा बराच कचरा पडला, दुसऱ्या वर्षी तो नाममात्र होता.

एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. शेंड्याची तार इतकी नरम आहे की आमची बांबूच्या कामट्यांची चांदणी लावताच ती एका बाजूला झुकली. शेवटी खोडाच्या मागे बांबूची बारीक काठी हिरव्या दोऱ्याने बांधून चांदणीचा भार तिच्यावर घेतला. विकत घेताना शेंडा हाताने दाबून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगेन.

पावसाळ्याने मात्र आम्हांला शिकवले. झाड मूळ पुठ्ठ्याच्या पेटीतच माळ्यावर ठेवले होते. नोव्हेंबरात ते खाली काढले तेव्हा पेटीचा तळ दमट होऊन फुगलेला होता, आतून बुरशीचा वास येत होता आणि खालच्या भागाच्या चार बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या होत्या. घाईत त्यांना खोबरेल तेल लावले, परंतु त्यावर धूळ चिकटून काळा राप बसला. तो पुसून शिलाई मशीनचे तेल घातल्यावर त्या मोकळ्या झाल्या. एक खीळ तरीही तुटलीच, तिच्या जागी जाड तार घातली आहे. यंदा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, प्रत्येक भाग जुन्या सुती चादरीत गुंडाळून आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवले आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी हे करावे.

पर्यावरणाच्या दृष्टीने आपण योग्य केले का, हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, आणि तेवढ्याच उंचीचे खरे झाड सण झाल्यावर जाळले तर सुमारे 3.5 किलो. हा हिशेब तिकडच्या शेतात मुद्दाम वाढवलेल्या झाडांचा आहे, आमच्या वाडीतल्या सुरूचा नाही. तरीही दहा-बारा नाताळ वापरल्याशिवाय या खरेदीचे समर्थन होत नाही, एवढे त्यातून उघड होते. पीव्हीसी प्लॅस्टिकचे हे झाड पुढे वाडीतल्या पाचोळ्याबरोबर जाळताही येणार नाही, कारण त्यातून घातक वायू निघतो. म्हणून दोन वर्षांनी नवीन, अधिक दाट झाड घेण्याचा विचार कोणाचा असेल, तर त्याने ते मुळातच घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात जंगलतोडीच्या चिंतेतून हंसाची पिसे हिरवी रंगवून, तारेवर गुंडाळून कृत्रिम झाडे बनवली जात, हे वाचल्यावर आमच्या निर्णयामागचे कारण किती जुने आहे हे जाणवले.

मुलांना हे झाड आवडते, कारण आगमन काळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारीच ते उभे राहते आणि सजावट करायला भरपूर दिवस मिळतात. सासऱ्यांना त्याचा हिरवा रंग पहिल्या वर्षी परका वाटला होता. सुरूच्या फांदीला पंख्याच्या वाऱ्याने येणारा बारीक सू-सू आवाज याला नाही, असे ते म्हणाले आणि ते खरेच आहे. गेल्या डिसेंबरात ते चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) धाकट्याला घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर गेले आणि रेतीत आपोआप पडलेल्या सुरूच्या डहाळ्या पिशवीभर गोळा करून आणल्या. गोठ्याचे छप्पर आता त्यांचेच असते.